देव खाली ठेवायचा नाही

"भाऊजी, एक मागणं आहे," वाबेत दारातूनच म्हणाली. "उद्या तुम्ही जोर लावू नका."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून डोकं भादरत होतो. दुसऱ्या दिवशी उत्सव होता, देव गावात फिरणार होता, आणि देवाच्या पालखीला खांदा देणाऱ्याच्या अंगावर केस चालत नाहीत. वस्तरा तसाच हातात धरून मी तिच्याकडे पाहिलं. तिचा नवरा, माझा मित्र हूय गेल्यापासून तिचे गाल बसले होते. केस मोकळे होते आणि त्यांत अजून धूळ होती. आमच्यात नवरा पश्चिमेला गेला की बायको डोक्यात माती घालून घेते. मेला असं आम्ही म्हणत नाही. पश्चिमेला गेला म्हणतो, कारण सूर्यही रोज तिकडेच जातो आणि परत येतो.

"कसला जोर?" मी म्हणालो.

"मला काय विचारता? साऱ्या गावाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. आमचं गाव डोंगरांच्या बेचक्यात, नदीपासून लांब. राजांची थडगी खोदायची आणि रंगवायची हा आमचा पिढीजात धंदा. प्यायचं पाणीसुद्धा गाढवांच्या पाठीवरून यायचं. न्यायाधीश बसायचे नदीपलीकडे, तिथे जायचं तर दिवस मोडायचा, म्हणून गावातली भांडणं आम्ही देवापुढे मांडायचो. देव म्हणजे हे गाव वसवणारा फार जुना राजा. त्याची लाकडी मूर्ती, वर सोन्याचा पत्रा. ती पालखीत बसवायची, आम्ही आठजणांनी उचलायची आणि गावच्या लेखनिकाने पुढे उभं राहून प्रश्न विचारायचा. देव पुढे सरला तर हो, मागे सरला तर नाही. गाढव कुणाचं, भिंत कुणाची, वाळत घातलेला अंगरखा कुणी पळवला, सगळ्याचा निकाल असाच लागायचा. आता देव आमच्या खांद्यावर आणि खांद्यांना पाय जोडलेले, तेव्हा जोर लावणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्याबद्दल कुणी बोलत नसे. जोर लावतात ते दुसरे, आपण फक्त देवाच्या मनातलं ओळखून पाय उचलतो, असं प्रत्येकालाच वाटायचं.

"उद्या ज्याचा निकाल लागायचाय त्या थडग्यात हूयने काय काय केलंय ते मी पाहिलंय," मी म्हणालो. "माझ्या हातचा रंग आहे त्या भिंतींवर. केन्नाच्या आजोबांनी खणलेला खड्डा असेल तो, नाही कोण म्हणतंय? पण छत कोसळलेलं, आत कोल्ह्यांचा संसार. हूयने सुटीचे सगळे दिवस घालून उपसला. आता आयता तयार झाला तर केन्नाला आजोबा आठवले."

"त्याची आई थकलीय. तिच्यासाठी मागतोय तो. त्याच्या बापाला नदीने नेलं, पुरायलाही काही हाती लागलं नाही. आईचं तरी नीट व्हावं असं वाटणारच ना."

"मग हूयला वाळूत पुरायचं?"

ती उंबऱ्यावर बसली. हूयचा देह नदीकाठच्या मांडवात खारात, म्हणजे देह सुकवायच्या मिठात, ठेवलेला होता. सुकवून झाला होता, पट्ट्या गुंडाळायचं काम चाललं होतं. उत्सव उरकला की ते लोक त्याला आमच्या हवाली करणार, आणि नवं थडगं खोदायचं तर वर्षं लागतात. वाळूतल्या खड्ड्याला दार नसतं, पुढे भाकरी ठेवायला ओटा नसतो. भाकरी ठेवायला जागा नसली की कुणी येत नाही. कुणी आलं नाही की नाव घेतलं जात नाही. आणि नाव घेणारं कुणी उरलं नाही की माणूस दुसऱ्यांदा मरतो. पहिल्या मरणाची आम्हाला एवढी धास्ती नसते.

"देवाने दिलं तर ते त्यांचं," वाबेत म्हणाली. "तुम्ही दिलंत तर ते चोरीचं. तिकडे काळीज तराजूत घालतात, भाऊजी. एका पारड्यात पीस, एका पारड्यात काळीज. चोरीच्या घरातून आलेलं काळीज जड नाही व्हायचं?"

"जोर मी लावणार. हूयच्या काळजाचा काय संबंध?"

"घरात ते राहणार ना?"

मी बरं म्हणालो. पण ते तिला वाटेला लावण्यापुरतं. ताप डोक्यात चढला होता तेव्हा हूयने माझं मनगट धरलं होतं आणि म्हणाला होता, थडग्याचं तू बघ. मी बघतो म्हणालो होतो. आता एक शब्द मेलेल्याला दिलेला आणि एक जिवंत माणसाला. जिवंत माणसाची मागाहून समजूत घालता येते, असा मी विचार केला आणि उरलेलं डोकं भादरलं.

सकाळी खाराचे खडे चघळून तोंड शुद्ध केलं, अंघोळ केली, पांढरी वस्त्रं नेसली आणि आम्ही पालखीखाली शिरलो. आमचा म्होरक्या पेनबुई. त्याचा बापही पालखीखालीच म्हातारा झाला होता. पेनबुईच्या दोन्ही खांद्यांवर घट्टे होते आणि बोलणं फार कमी. तो पुढच्या उजव्या टोकाला, मी डाव्या. मागच्या टोकाला केन्नाचा धाकटा भाऊ खोन्स. ज्याचं भांडण असेल त्याने पालखीखाली शिरायचं नाही हा नियम. भावाने शिरायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं, आणि मित्राने शिरायचं नाही असंही नव्हतं.

"पाशेद," पेनबुई मला म्हणाला, "आज तुझे पाय मला फार ताजे दिसताहेत."

"झोप चांगली झाली."

"वाईट झालं," तो म्हणाला आणि त्याने दांडा खांद्यावर घेतला.

बायका खुळखुळे वाजवत पुढे, ढोलवाले मागे, मध्ये आम्ही. गल्ली इतकी अरुंद की दोन्हीकडच्या भिंतींना दांडे घासायचे. गावाच्या वेशीबाहेर मोकळी जागा होती, तिथे थांबलो. पहिलं भांडण एका गाढवाचं होतं. देव लगेच पुढे सरला, गाढव ज्याचं त्याला मिळालं. मग लेखनिकाने घसा साफ केला.

वाबेत डावीकडे उभी राहिली, केन्ना उजवीकडे. केन्ना नुसता आला नव्हता, आईला घेऊन आला होता. भिंतीच्या सावलीत चटई टाकून मेरुत म्हातारीला बसवलं होतं, म्हणजे लोकांनी आणि देवानेही तिची अवस्था बघावी. तिला फार दिसत नव्हतं. ती चटईचा सुटलेला काठ बोटांनी विणत बसली होती.

"देवा," लेखनिक म्हणाला, "हे थडगं हूयचं म्हणावं का?"

मी जोर लावला. फार नाही, दार चिकटलं असेल तर लावतो तेवढा. दांडा पुढे सरकायला हवा होता. तो जागचा हलला नाही, उलट खांद्यात मागे रुतला. मागून कुणीतरी तेवढाच ओढत होतं. कुणीतरी काय, पाठीमागच्याचं तोंड दिसत नाही पण ओढ कुणाची ते कळतं. मी आणखी रेटलं. मागून आणखी ओढ आली. देव दोघांच्या मध्ये, ढिम्म.

लोक वाट बघत राहिले. लेखनिकाने प्रश्न उलटा विचारला. "हे थडगं केन्नाच्या घराण्याचं म्हणावं का?"

आता मी मागे ओढायला लागलो आणि खोन्स पुढे रेटायला. देव पुन्हा जागच्या जागी. गर्दीत कुजबुज सुरू झाली. देव रागावलाय, कुणी म्हणालं. देव विचार करतोय, दुसरं कुणी म्हणालं. लेखनिकाने पहिला प्रश्न परत विचारला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. एरवी देवाला उत्तर द्यायचं नसेल तर तो मागे वळून सरळ देवळाची वाट धरायचा. त्या दिवशी तेही होईना. आणि नियम असा की एकदा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत देव खाली ठेवायचा नाही.

सूर्य डोंगरावरून वर आला. आमच्या गावात ऊन नुसतं वरून पडत नाही, चारी बाजूंच्या दगडांतून उलटं अंगावर येतं. सोन्याच्या पत्र्याची तिरीप माझ्या डोळ्यावर होती आणि घाम पुसायला हात मोकळा नव्हता. ढोल केव्हा थांबले कळलं नाही. खुळखुळे वाजवणाऱ्या बायका बसल्या. मग एकेक करून बाकीचे लोकही बसले. एक बाई भाकऱ्या राहिल्यात म्हणत उठून गेली, भाकऱ्या करून परत आली, आणि आम्ही तिथेच.

"खोन्स," मी मान न वळवता म्हणालो, "सोड की आता."

"तू सोड."

"मेलेल्या माणसाचं काम आहे रे."

"माझं मरायला टेकलेल्या माणसाचं आहे. तिला अजून ऐकू येतंय. तुझ्या हूयला काय कळणार?"

"गप्प बसा दोघंही," पेनबुई म्हणाला. "वर तो ऐकतोय."

"मग काहीतरी बोल म्हणावं त्याला," खोन्स म्हणाला.

मधल्या चौघांपैकी कुणीतरी हसलं, पण त्या हसण्यात जीव नव्हता. त्या बिचाऱ्यांचं कशातच काही नव्हतं. आमच्या दोघांच्या ओढाताणीत त्यांचे खांदे सोलून निघत होते. एक मुंगी घोट्यावरून चढत गुडघ्यापर्यंत आली, मी तिला जाऊ दिलं.

वाबेत माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती, आणि ते दमणं मी वाढवलेलं होतं. एकदा ती पाण्याचा घडा घेऊन फिरली. आम्हाला पालखीखाली पाणी चालत नाही, म्हणून आम्हाला ओलांडून गेली. मेरुतच्या तोंडाला मात्र तिने स्वतः वाटी लावली, म्हातारीची हनुवटी पुसली आणि परत आपल्या जागी येऊन उभी राहिली. केन्नाने ते बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मग माझ्यातलं सरलं. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. हूयची आठवण, त्याला दिलेला शब्द, भिंतीवरचा माझा रंग, हे सगळं होतं, पण लांब कुठेतरी, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. थडगं कुणाला का मिळेना, मला ह्या दांड्याखालून सुटू दे, एवढंच डोक्यात राहिलं. मी रेटायचं सोडलं. मागे रेलून पडू म्हणून मी वाट बघितली, पण मागचीही ओढ त्याच घटकेला संपली होती. दांडा खांद्यावर नुसता पडून राहिला.

आणि देव हलला.

तो पुढे सरला नाही आणि मागेही सरला नाही. पालखी उजवीकडे कलली आणि आमचे पाय तिच्यामागून गेले. फरफटत गेले असंच म्हटलं पाहिजे. बसलेले लोक घाईने उठून बाजूला झाले. आठ माणसं आणि एक देव, तिरके तिरके, भिंतीच्या सावलीत शिरलो आणि मेरुत म्हातारीसमोर जाऊन थांबलो.

लेखनिक धावत मागे आला. "याला काय समजायचं? हो की नाही?"

मेरुतने डोकं वर केलं. "कोण आलंय?"

"देव आलाय, आजी," पेनबुई म्हणाला.

"माझ्याकडे?" ती म्हणाली. "मग उभा का? बस म्हणा त्याला."

"उत्तर मिळाल्याशिवाय खाली ठेवता येत नाही, आजी."

"कुणाचं उत्तर?"

"थडग्याचं."

"म्हणजे माझ्या मरणाचंच ना? मग मी सांगते, ठेवा खाली. पोरांचे श्वास ऐकू येताहेत मला. सकाळपासून उन्हात उभा केलाय त्याला, एकाने तरी बस म्हटलं का?" आणि तिने सरकून अर्धी चटई मोकळी केली.

पेनबुईने आमच्याकडे पाहिलं नाही. त्याने गुडघा वाकवला. मग आम्हीही वाकवले. गावच्या आठवणीत पहिल्यांदा, प्रश्न अर्धा ठेवून, देव चटईवर टेकला. मी दांड्याखालून निघालो तो उभा राहूच शकलो नाही, तिथेच भिंतीला टेकून बसलो. शेजारी खोन्स येऊन पडला. आमच्या दोघांचे खांदे रक्ताळलेले होते, त्याचा उजवा, माझा डावा.

"हं, काय विचारलं होतंत?" मेरुत म्हणाली. लेखनिकाने सगळं परत सांगितलं. ती ऐकत चटईचा काठ विणत राहिली.

"खणलं आमच्या सासऱ्यांनी, हे खरं," ती म्हणाली. "छत पडल्यावर आमच्यातलं कुणी तिकडे फिरकलं नाही, हेही खरं. केन्ना, तू गेला होतास कधी?"

"आई, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे रे. बापाचं राहिलं ते तुला आईचं करून फेडायचंय. पण मला त्या अंधारात ठेवून तुम्ही घरी येणार. मग भाकरी कोण आणणार? तुझी बायको? ती चार पावलांवरून आणत नाही, डोंगर चढून आणणार?"

लोक हसले. केन्नाच्या बायकोने पदर सावरला आणि ती ढोलवाल्यांच्या मागे गेली.

"मघाशी पाणी कुणी पाजलं मला?"

"मी," वाबेत म्हणाली.

"तूच का ती? ये इकडे." वाबेत जवळ जाऊन बसली. म्हातारीने तिच्या केसांतली धूळ चाचपली. "नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाशील तेव्हा माझ्यापुढे एक ठेवशील?"

"ठेवीन."

"आणि नाव घेशील? मेरुत. अवघड नाही."

"घेईन, आजी."

"मग त्याला आत राहू दे. मला दाराशी ठेवा. म्हाताऱ्या माणसाला दाराशीच बरं, येणारं-जाणारं कळतं." तिने मूर्तीच्या दिशेने हात केला. "काय म्हणतो हा? विचारा त्याला. मी आपलं माझं सांगितलं."

पुन्हा उचलायचं होतं. कसं उचललं ते आम्हालाच ठाऊक. लेखनिकाने विचारलं, "देवा, दोघांनी तिथे राहावं, हे मान्य आहे का?" माझा खांदा तेव्हा नुसतं लाकूड झालेला होता, रेटायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं. पालखी सरळ पुढे गेली. इतकी सहज गेली की मला पावलं भरभर टाकावी लागली.

पुढे रीतसर सगळं झालं. हूयला दारापुढे उभा धरून त्याचं तोंड उघडण्याचा विधी केला, म्हणजे त्याला तिकडे बोलता यावं, खाता यावं. मग आत नेला. जेवणं झाली तेव्हा वाबेतने माझ्या हातात भाकरी आणि कांदा ठेवला.

"खांदा दुखतोय का, भाऊजी?"

"दुखतोय."

"दुखू दे," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला वाढायला गेली. त्या दिवसाबद्दल ती तेव्हा एवढंच बोलली.

मेरुत त्यानंतर बरीच वर्षं जगली. थडग्यावरून एवढी ओढाताण केली आणि ही बया हलायलाच तयार नाही, असं लोक म्हणायचे. गेली तेव्हा तिला दाराशी ठेवली. उचलताना एका बाजूला खोन्स होता, दुसऱ्या बाजूला मी. परतताना त्याने विचारलं, "त्या दिवशी पालखी उजवीकडे तूच वळवलीस ना?"

"मला वाटलं तू."

आम्ही दोघं पेनबुईकडे गेलो. तो तेव्हा खाटेला लागला होता. तो म्हणाला, माझे खांदे तुमच्या आधी मेले होते, मला काय विचारता. माझ्या बायकोचं म्हणणं साधं आहे. दमलेली माणसं सावलीकडे जाणारच, त्यात देव कशाला आणायचा? तिचंही बरोबर असेल. मी वाद घालत नाही.

आता माझं स्वतःचं थडगं रंगवायला घेतलंय. वरच्या पट्टीत जहाज झालं, शेत झालं. खालच्या पट्टीत ती वाक्यं लिहायची, जी तिकडे बेचाळीस देवांपुढे उभं राहून म्हणायची असतात. मी कुणाला रडवलं नाही. मी कुणाचं पाणी अडवलं नाही. आयुष्यभर ही वाक्यं मी दुसऱ्यांच्या भिंतींवर लिहिली, कधी हात अडला नाही. माझ्या भिंतीवर एका वाक्याची जागा मी मोकळी सोडून पुढे गेलो. बरेच दिवस ती तशीच होती.

परवा वाबेत डोंगर उतरताना टेकायला आत आली. टोपली रिकामी होती, म्हणजे दोघांच्या भाकऱ्या ठेवून आली होती. तीही आता म्हातारी झालीय. भिंतीकडे बघत म्हणाली, "इथे काय राहिलं?"

मी सांगितलं. "मी तराजूच्या काट्याला बोट लावलं नाही."

तिने त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"हलला होता का काटा तुमच्या जोराने?"

"नाही. मी सोडल्यावर हलला."

"मग लिहा की," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

मी लिहिलं. ओळ जरा वाकडी आलीय. डावा खांदा अजून नीट वर जात नाही, आणि मला डाव्या हातानेच लिहायची सवय आहे.